वृत्तछायाचित्रातील फेरफार : मर्यादा कोणती?

पावसाळ्यात भोर-वेल्ह्याहून येणाऱ्या छायाचित्रांत तोरण्यावरचे ढग आणि भाटघर धरणाचे दरवाजे ठरलेले असतात. उजेड सावरणे, कडा कापणे वृत्तपत्रसृष्टीत सर्वमान्य आहे. दृश्यात काही घालणे वा पुसणे मात्र निषिद्ध. ढग गडद केल्याने काय बिघडते, असा युक्तिवाद होतो. पण धरणाचा विसर्ग फुगवून दाखविल्यास नीराकाठी विनाकारण घबराट पसरेल. २००६ मध्ये बैरूतवरील धूर संगणकावर दाट केल्याचे उघड होताच ‘रॉयटर्स’ने छायाचित्रकार अदनान हज यांची सर्व ९२० छायाचित्रे मागे घेतली. शासनही अपवाद नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पत्र सूचना कार्यालयाने पंतप्रधानांच्या चेन्नई पूरपाहणीचे जोडचित्र प्रसृत केले आणि टीकेनंतर काढून टाकले. जुने छायाचित्र आजचे म्हणून छापणे तर याहून सोपे. त्याला संगणकही लागत नाही.