कुंपणी, कामठी आणि देवळालीचा ताप

परभाषेतला शब्द ऐकणाऱ्याच्या कानाशी तडजोड करूनच रुजतो. अनोळखी ध्वनी एखाद्या ओळखीच्या शब्दापाशी येऊन थांबतो आणि कधीकधी त्याचा अर्थही अंगावर घेतो. यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात. इंग्रजी अमदानीत हा व्यवहार दोन्ही बाजूंनी झाला.

मराठीने 'लॉर्ड'चा 'लाट' केला, 'कंपनी'ची 'कुंपणी' केली. समुद्राच्या लाटेचा वा शेताच्या कुंपणाचा या शब्दांच्या मुळाशी काही संबंध नाही. तरीही 'कुंपणानेच शेत खाल्ले' ही म्हण ठाऊक असणाऱ्याला 'कुंपणी सरकार' हा निव्वळ अपभ्रंश वाटणे कठीण आहे. नागपूरकरांना तर विशेषच. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांचे राज्य कुंपणीच्या छायेखाली गेले. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये ते राज्यच खालसा झाले. मौद्याचा मुलूखही त्यातच गेला. मौद्याच्या वरच्या अंगाला, त्याच कन्हानच्या काठी, १८२१ मध्ये इंग्रजांनी छावणी वसवली. 'कॅम्प टी'वरून तिचे नाव 'कामठी' पडले असे सांगतात. पण मराठीत 'कामठा' म्हणजे धनुष्य. दोन भाषांतले ध्वनी इतके जवळ आले की केवळ कानावर विसंबून निवाडा करता येत नाही.

उलट दिशेचे उदाहरण अधिक करुण आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. जहाजे ठरावीक हंगामातच सुटत. हंगाम हुकला की महिनेन् महिने रिकामपण, उन्हाळा, दारू आणि हिवताप. काहींचे मनाचे संतुलन ढळे. फ्रँक रिचर्ड्स या माजी शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत याचे वर्णन केले आहे. शिपायांच्या बोलीत अशा माणसाला 'डूलॅली टॅप' झाला, असे म्हणत. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. मात्र इंग्रजी कानाला 'टॅप' म्हणजे टकटक किंवा पाण्याची तोटी. त्यामुळे तापाचा अर्थ परक्या ध्वनीत बुडाला. पुढे हे शेपूटही गळाले आणि 'डूलॅली' म्हणजे भ्रमिष्ट एवढेच उरले.

आज तो शब्द इंग्रजीत थट्टेने वापरला जातो. त्यात एक गाव आहे, एक आजार आहे आणि घरी जाण्यासाठी ताटकळलेली माणसे आहेत, हे बोलणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. मराठी वाचकाला मात्र त्या शब्दाचे दोन्ही तुकडे कोशाविना उलगडतात. इंग्रजीच्या वर्गात बोलीभाषा शिकवताना 'ग्राम्य शब्द' एवढी नोंद करून पुढे जाण्यापूर्वी हा उलगडा विद्यार्थ्यांसमोर ठेवावा. सरकारी दप्तरात क्वचितच आलेले दुःख येथे एका थट्टेच्या शब्दाने जपून ठेवले आहे.