रामटेक येथील कालिदास-विश्वविद्यालय आणि रामगिरीचा कोरीव पुरावा

बोदलकसा हें तिरोडा तालुक्यांतील तलावाचें व रानाचें गांव. तेथून तिरोड्यास येऊन, वैनगंगा उतरून, तुमसरावरून जवळजवळ नीट पश्चिमेस गेलें म्हणजे रामटेकची टेकडी लागते. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सर्व पूर्वभाग भंडारा जिल्ह्यांतच मोडत असे. इकडील लोकांचें रामटेकास जाणें-येणें फार जुनें आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस जाऊन रामाचें दर्शन घेणें व अंबाळा तलावावर स्नान करणें हा ठरलेला परिपाठ. अलीकडे त्यांत एका स्थळाची भर पडली आहे. मौद्याच्या रस्त्यावर कविकुलगुरु कालिदास संस्कृत विश्वविद्यालय उभें आहे, व टेकडीवर जाणारे जिज्ञासू आतां तेंही पाहून येतात.

या विश्वविद्यालयाचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. महाराष्ट्र शासनानें १९९७ सालीं तें स्थापन केलें. पहिले कुलगुरु डॉ. पंकज चांदे हे होत. भारतांतील पूर्वींचीं संस्कृत विश्वविद्यालयें पाहिलीं तर वाराणसीचें १९५८ सालीं व दरभंग्याचें १९६१ सालीं निघालें. तीं दोन्ही पंडितांच्या अखंड परंपरेच्या पीठांवर वसलीं. केरळांत कालडी येथें १९९३ सालीं विश्वविद्यालय निघालें, तें श्रीशंकराचार्यांचें जन्मस्थान म्हणून. रामटेकाची गोष्ट याहून निराळी आहे. येथें काशी-मिथिलेसारखी पाठशाळांची परंपरा नव्हती, आणि कालिदास येथें जन्मला असें कोणीही म्हणत नाहीं. एका खंडकाव्यांतील यक्ष ज्या पर्वतावर वर्षभर विरहांत राहिला तो पर्वत हाच, एवढ्या आधारावर एक विद्यापीठ एका लहान गांवीं वसविलें गेलें. तेव्हां तो आधार कितपत पक्का आहे, हें पाहणें अगत्याचें ठरतें.

मल्लिनाथानें आपल्या टीकेंत रामगिरि म्हणजे चित्रकूट असें म्हटलें आहे, व पाठशाळांतून पुष्कळ काळ तेंच शिकविलें गेलें. रामगिरि म्हणजे नागपूरजवळचें रामटेक हें मत विल्सन यानें १८१३ सालीं मेघदूताच्या इंग्रजी भाषांतरासोबत मांडलें. पुढें सरगुजा संस्थानांतील रामगढचा पक्षही कित्येकांनीं घेतला. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं या वादांत रामटेकाचा पक्ष सविस्तर मांडला, व त्यांतील भूगोलाचा मुद्दा आजही अभेद्य वाटतो. मेघास उत्तरेकडे जावयाचें आहे. वाटेंत आम्रकूट, मग विंध्याच्या पायथ्याची रेवा, मग दशार्ण देश व विदिशा असा क्रम कवीनें दिला आहे. चित्रकूट नर्मदेच्या बराच उत्तरेस आहे. तेथून उत्तरेस निघालेल्या मेघास नर्मदा ओलांडण्याचें कारणच पडत नाहीं. रामगढासही हाच दोष लागतो, कारण नर्मदेच्या उगमापेक्षां तें थोडें उत्तरेकडेच येतें. रामटेक मात्र नर्मदेच्या दक्षिणेस आहे. टीकाकार कितीही थोर असला तरी नदीची जागा त्याच्यानें हालवितां येत नाहीं.

तथापि भूगोलानें संभव सिद्ध होतो. निश्चयासाठीं कोरीव लेखच पाहिजेत. ते मिळाले ते वाकाटकांचे. द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक नृपति द्वितीय रुद्रसेनाची राणी. पतीच्या निधनानंतर तिनें अल्पवयी पुत्राच्या नांवें राज्यकारभार पाहिला. तिचा एक ताम्रपट पुण्यांत एका तांबटाजवळ सांपडला. तो नंदिवर्धनाहून दिलेला आहे. दुसरा रिद्धपूर येथील महानुभाव महंतांजवळ होता. तो द्वितीय प्रवरसेनाच्या १९ व्या राज्यवर्षांतील असून रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून दिला आहे. एक पट तांबटाच्या घरीं व दुसरा मठांत टिकून राहिला, ही गोष्ट आमच्या संग्राहक वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पहिला पट मुशींत गेला असता तर गुप्त-वाकाटक कालगणनेचा एक मुख्य खांबच नाहींसा झाला असता.

आतां या 'पादमूल' शब्दाविषयीं थोडें लिहिणें जरूर आहे. मेघदूतांत रामगिरीच्या उतारावर रघुपतीचीं वंद्य पाउलें उमटलेलीं आहेत असा उल्लेख येतो. म्हणून ताम्रपटांतील पादमूल म्हणजे तींच पाउलें असें पुष्कळजण धरून चालतात. पण संस्कृतांत पादमूल हा शब्द आदरार्थी 'सन्निध' या अर्थानेंही नित्य येतो. केवळ त्यावरून पाउलांचें पूजन सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें इतकेंच, कीं इसवीच्या पांचव्या शतकांत या भागांत रामगिरि नांवाचें स्थान होतें, तेथें 'स्वामी' म्हणून पूजिला जाणारा देव होता, व गुप्तांची कन्या त्याची भक्त होती. हें थोडें नव्हे.

टेकडीवर चढून पाहावें. रामाच्या मंदिराकडे जातांना केवल-नरसिंह व रुद्र-नरसिंह यांचीं देवळें लागतात. आंत तांबड्या दगडाच्या, बसलेल्या भव्य मूर्ती आहेत. वराहाची मूर्ति उघड्या मंडपांत आहे. तिच्या पोटाखालून सरपटत निघण्याची यात्रेकरूंची चाल आहे, व पापी मनुष्य अडकतो असा समज आहे. (कृश पापी व स्थूल पुण्यवान् यांची सोय या समजुतींत लावलेली दिसत नाहीं.) त्रिविक्रमाची भग्न मूर्ति व भोगरामाचें जोडगाभाऱ्यांचें देऊळ हींही त्याच काळचीं. केवल-नरसिंहाच्या देवळांतील भिंतीवर चुन्याचे थरावर थर चढले होते. ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत काढले तेव्हां खालीं वाकाटककालीन शिलालेख निघाला. त्यांत प्रभावतीचें नांव व 'प्रभावतीस्वामी' हें देवनाम आलें आहे. हान्स बक्कर व इसाक्सन यांनीं १९९३ सालीं तो प्रसिद्ध केला. लेख त्रुटित आहे. परंतु ताम्रपटांतील रामगिरि व हा डोंगर यांचा संबंध येथें दगडावरच जुळला. शेंकडों वर्षें भाविक त्या भिंतीस हात लावून पुढें जात होते.

भोंवतालची भूमीही याच गोष्टीची साक्ष देते. दक्षिणेस दीड-दोन कोसांवर नगरधन आहे. तेंच जुनें नंदिवर्धन. तेथील अलीकडील उत्खननांत प्रभावतीगुप्तेच्या नांवाची मातीची मुद्रा निघाली. पश्चिमेस मनसर येथें १९९८ पासून जगत्पति जोशी व अ. कु. शर्मा यांनीं केलेल्या उत्खननांत विटांचीं मोठीं बांधकामें व प्रवरेश्वराचें नांव असलेल्या मुद्रा मिळाल्या. मिराशींनीं प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचें पवनार असें ठरविलें होतें. मनसरच्या मुद्रांनीं तें मत आतां डळमळीत झालें आहे. रामगिरीविषयींचें त्यांचें मत मात्र नव्या शोधांनीं बळकटच केलें.

येथवर पुरावा जातो. पुढें जात नाहीं. कालिदासानें मेघदूत येथें बसून रचलें, असें यात्रेकरूंस सांगण्यांत येतें, व टेकडीवरील कालिदासस्मारकांतील चित्रें पाहून तें खरेंही वाटूं लागतें. प्रवरसेनाच्या सेतुबंधाशीं कालिदासाचा संबंध जोडणारी आख्यायिका त्या काव्याच्या रामदासकृत टीकेंत आहे. पण ती टीका अकबराच्या काळची, म्हणजे मूळ काव्यानंतर सुमारें ११ शतकांची. कवीस हा डोंगर ठाऊक होता, इतकें निःशंक म्हणतां येईल. तो येथें राहिला कीं केवळ येऊन गेला, हें लेखांत नाहीं. ज्या आषाढाच्या पहिल्या दिवशीं कालिदासाचें स्मरण करितात, तो दिवसही एका अक्षरावर अवलंबून आहे. काश्मीरच्या वल्लभदेवानें 'प्रथम' न वाचतां 'प्रशम', म्हणजे महिन्याचा शेवट, असा पाठ घेतला आहे. मल्लिनाथानें तो अमान्य केला. माझ्या मतें महिन्यांचा हिशेब वल्लभदेवाच्या बाजूस अधिक जुळतो. कारण शाप कार्तिकी एकादशीस संपतो व चारच महिने उरल्याचें यक्ष स्वतः सांगतो.

उत्तरकालीन इतिहासांत यादव रामचंद्राच्या वेळचा लक्ष्मणमंदिरांतील शिलालेख मुख्य होय; मिराशी व कुळकर्णी यांनीं तो छापला, पण त्याचीं कित्येक अक्षरें झिजून गेलीं आहेत. श्रीचक्रधरस्वामी गुजराथेंतून रामयात्रेस म्हणून निघाले ते याच रामटेकासाठीं, असें महानुभाव ग्रंथ सांगतात, व भोगरामाचें देऊळ त्या पंथास आजही पूज्य आहे. भोंसल्यांच्या काळीं मंदिरांचा जीर्णोद्धार झाला. त्याचें वर्णन अन्यत्र पुष्कळ आलें आहे.

या टेकडीचें दुसरें नांव सिंदूरगिरि. तिचें सिंदूरगिरिमाहात्म्य नांवाचें संस्कृत माहात्म्य आहे, व यादवलेखांतील तीर्थांचीं नांवें लावण्यास तेंच उपयोगी पडतें. झिजलेल्या लेखांतील गाळलेलीं अक्षरें भरून काढावयाचीं तर या माहात्म्याच्या जितक्या पोथ्या ताडून पाहतां येतील तितक्या हव्यात. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील पुराणिक व उपाध्ये यांच्या घरीं स्थलमाहात्म्यें बस्त्यांत बांधून ठेवण्याची रीत आहे. ज्यांच्या संग्रहीं अशी पोथी असेल त्यांनीं पत्रसंख्या, पुष्पिकेंतील शक, लेखकाचें नांव व तीर्थांच्या अध्यायाचा आरंभ-अंत एवढें उतरून विश्वविद्यालयाकडे व या मंडळाकडे पाठवावें. पोथी हातची सोडण्याची गरज नाहीं, नक्कल पुरे. चुन्यावर हात फिरवूं नये, व लेखावर तेल-शेंदूर चढूं देऊं नये, एवढें पुजाऱ्यांसही सांगून ठेवावें.