परदेशी वैद्यकीय पदवी आणि व्यवसायाचा परवाना : नांदेड-लातूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वैद्यकीय पदवी विद्यापीठ देते. व्यवसायाचा अधिकार मात्र ज्या देशात व्यवसाय करावयाचा, त्या देशाची नोंदणी संस्था देते. हा भेद वरवर किरकोळ वाटतो. परंतु नांदेड व लातूर जिल्ह्यांतून वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांचे भवितव्य त्यावरच अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत निबंधात या भेदाची ऐतिहासिक वाटचाल तपासली आहे.

नोंदणीपूर्व काळ :
डॉ. आनंदीबाई जोशी यांना पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी ११ मार्च १८८६ रोजी मिळाली. कोल्हापूर संस्थानाने त्यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर नेमणूक केली. प्रत्यक्ष कार्य सुरू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. या नेमणुकीसाठी भारतात कोणतीही परीक्षा द्यावी लागली नव्हती. मुंबई प्रांतात वैद्यक नोंदणीचा कायदाच मुळी १९१२ मध्ये आला. याउलट ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने नोंदणी सुरू झालेली होती. लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात शिकलेल्या डॉ. रखमाबाईंना एडिंबरा, ग्लासगो व ब्रुसेल्स येथील अर्हता मिळवाव्या लागल्या. शिक्षण एका ठिकाणी व अर्हता दुसऱ्या ठिकाणी, ही विभागणी तेथे तेव्हाच रूढ होती.

परस्पर मान्यतेचे युग :
विसाव्या शतकात मान्यता हा राष्ट्राराष्ट्रांमधील प्रश्न बनला. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्या वादाच्या पार्श्वभूमीवर १९३३ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचा कायदा झाला. १९५६ च्या नव्या कायद्यात परकीय पदव्यांच्या स्वतंत्र अनुसूची होत्या. संस्था अनुसूचीत असेल तर पदवीधर पात्र, असे त्याचे सूत्र होते.

हे सूत्र पुढे ढासळले. अमेरिकेत १९५८ पासून परदेशी पदवीधरांची स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. १९७५ मध्ये ब्रिटनने भारतीय पदव्यांची थेट मान्यता पुन्हा रद्द केली व भाषा-व्यवसायज्ञानाची चाचणी आणली. विश्वास संस्थेवरून व्यक्तीच्या परीक्षेकडे सरकला.

मराठवाड्याची परिस्थिती :
हैदराबाद संस्थानात वैद्यकीय शिक्षण हैदराबाद शहरात केंद्रित होते. तेथील वैद्यकीय शाळा १८४६ ची. मराठवाड्यात शासकीय महाविद्यालय आले ते १९५६ मध्ये औरंगाबादला. त्यानंतर सत्तरच्या दशकात अंबाजोगाई, १९८८ मध्ये नांदेड व २००२ मध्ये लातूर येथे महाविद्यालये स्थापन झाली. दरम्यान लातूरमधील महाविद्यालयांनी घडविलेला 'लातूर पॅटर्न' राज्यभर प्रसिद्ध झाला आणि नांदेडही शिकवणी वर्गांचे मोठे केंद्र बनले. आकांक्षा वाढल्या, त्या प्रमाणात शासकीय जागा वाढल्या नाहीत. खाजगी महाविद्यालयांचे शुल्क मध्यमवर्गीय व शेतकरी कुटुंबांच्या आवाक्याबाहेर राहिले. त्यातून रशिया, चीन, युक्रेन, किर्गिझस्तान, फिलिपाईन्स या देशांची वाट रुळली.

चाळणी परीक्षा व तिचे परिणाम :
२००१ च्या दुरुस्तीने व २००२ च्या विनियमांनी परदेशी पदवीधर भारतीय नागरिकांसाठी चाळणी परीक्षा अनिवार्य झाली. तीनशे प्रश्नांपैकी किमान दीडशे गुण आवश्यक ठरले. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील पदव्युत्तर अर्हताधारकांना मात्र सूट होती. बहुतेक सत्रांत निम्म्याहून अधिक परीक्षार्थी अनुत्तीर्ण झाले. ज्या वागणुकीबद्दल भारताने १९३० मध्ये तक्रार केली होती, त्याच धर्तीची कसोटी भारताने स्वतःच्या नागरिकांवर लावली, हा येथील विरोधाभास आहे.

रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी अशी कसोटी आवश्यकच आहे. प्रश्न तिच्या वेळेचा आहे. पाच-सहा वर्षे आणि कुटुंबाची पुंजी खर्च झाल्यानंतर अपात्रता समजते. २०१८ पासून परदेशी प्रवेशासाठीही 'नीट' पात्रता अनिवार्य झाल्याने ही चाळणी काही अंशी आरंभी आली. नोव्हेंबर २०२१ च्या विनियमांनी किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता, त्या देशात व्यवसायास पात्रता, भारतात पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता व दहा वर्षांची मुदत अशा अटी घातल्या. याचा अर्थ, पदवीचे भवितव्य प्रवेश घेतानाच बव्हंशी ठरते. २०२२ च्या युक्रेन युद्धात मायदेशी परतलेल्या मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना तर अभ्यासक्रम पूर्ण होण्याचीच शाश्वती उरली नाही.

निष्कर्ष :
दीडशे वर्षांत मान्यतेचा भार राज्यसंस्थेकडून विद्यार्थ्याकडे सरकला. पूर्वी सरकारे परस्परांशी वाटाघाटी करीत. आता अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने व त्याच्या पालकांनी परक्या देशाचे नियम वाचून निर्णय घ्यावयाचा असतो. नांदेड-लातूरची कनिष्ठ महाविद्यालये त्याला प्रवेश परीक्षेसाठी उत्तम तयार करतात. परंतु पदवी आणि परवाना यांतील अंतर त्याला समजावून सांगण्याची व्यवस्था क्वचितच आढळते. प्रवेशापूर्वीचे हे मार्गदर्शन दलालाकडून नव्हे, तर महाविद्यालयाकडून मिळणे ही या इतिहासाची मागणी आहे.