सव्वा सेकंद, तीन माणसं आणि एक किक : अमेरिकन फुटबॉलमधला ‘फील्ड गोल’ नेमका होतो कसा?

६ जानेवारी २००७. सिएटलमध्ये प्लेऑफची मॅच. डॅलस काउबॉइज २०-२१ ने मागे आणि घड्याळात १ मिनिट १९ सेकंद शिल्लक. काउबॉइजना हवी होती फक्त १९ यार्डांची, म्हणजे साधारण १७ मीटरची एक किक. या लेव्हलच्या किकरसाठी हा डाव्या हातचा मळ. इथे पायाचा म्हणा.

किकर मार्टिन ग्रामॅटिका धावत आला, पण मारायला चेंडूच जागेवर नव्हता. चेंडू धरून उभा करायचं काम ज्याच्याकडे होतं, त्या टोनी रोमोच्या हातातून तो सटकला होता. रोमोने तो उचलून धूम ठोकली, पण गोललाइनच्या जरा अलीकडेच त्याला आडवं पाडलं गेलं. काउबॉइजचा सीझन तिथेच संपला.

इन्स्टाग्रामवर एनएफएलचे रील्स बघताना आपल्याला एक माणूस येऊन लाथ मारतो एवढंच दिसतं. पण तो येईपर्यंत दोन जणांचं काम होऊन गेलेलं असतं.

आधी हिशोब समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉलमध्ये टचडाउनला ६ गुण मिळतात, तर चेंडू लाथेने दोन खांबांमधून पार केला तर ३. यालाच फील्ड गोल म्हणतात. एनएफएलमध्ये हे खांब एकमेकांपासून १८ फूट ६ इंच लांब असतात आणि मधली आडवी दांडी जमिनीपासून १० फूट उंच असते. चेंडू दांडीच्या वरून आणि खांबांच्या मधून जायला हवा.

किकचं अंतर मोजताना बहुतेकांचा गोंधळ होतो. खेळ जिथे थांबला त्या रेषेपासून गोललाइनपर्यंतचं अंतर धरायचं. त्यात १० यार्ड वाढवायचे, कारण खांब गोललाइनच्या १० यार्ड मागे असतात. आणखी साधारण ७ यार्ड वाढवायचे, कारण चेंडू तेवढा मागे नेऊन ठेवला जातो. काउबॉइज २ यार्डांच्या रेषेवर होते, म्हणून किक १९ यार्डांची.

हुकली तर? नुसते ३ गुण जात नाहीत. लांबून मारलेली किक हुकली, की जिथून मारली त्याच जागेवरून समोरची टीम खेळ सुरू करते. म्हणून ५५-६० यार्डांवरून प्रयत्न करायचा की नाही, यावर कोचचा कस लागतो.

उलटा वाकलेला माणूस

सगळ्याची सुरुवात लाँग स्नॅपरपासून होते. हा गडी चेंडूवर वाकतो आणि दोन पायांमधून मागे फेकतो. चेंडू गोल गोल फिरत, ७-८ यार्ड मागे बसलेल्या होल्डरच्या हातात थेट यायला हवा. नुसता वेगात नाही, तर दर वेळी ठरावीक फिरक्या घेऊन, म्हणजे चेंडू हातात पडताना त्याची लेस नेमकी हवी त्या बाजूला येईल. आणि हे करून झाल्या झाल्या समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे पहिलवान अंगावर येत असतात, ते वेगळंच.

या माणसाचं नाव फॅन्सना माहीत झालं, तर समजायचं काहीतरी बिनसलंय. ५ जानेवारी २००३ ला ट्रे जंकिनच्या बाबतीत तेच झालं. १९ सीझन खेळून रिटायर झालेल्या, ४१ वर्षांच्या जंकिनला न्यूयॉर्क जायंट्सने त्याच आठवड्यात बोलावून घेतलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध शेवटचे ६ सेकंद उरले असताना त्याचा स्नॅप बिघडला, किक मारताच आली नाही आणि जायंट्स ३८-३९ ने हरले. त्या प्लेमध्ये रेफ्रींचीही चूक झाल्याचं लीगने दुसऱ्या दिवशी मान्य केलं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो जंकिन.

गुडघ्यावर बसलेला दुसरा

होल्डर गुडघ्यावर बसून चेंडू झेलतो, ठरलेल्या जागी उभा टेकवतो, किकरला हवा तेवढा कलवतो, लेस खांबांच्या दिशेला वळवतो आणि वरचं टोक एका बोटाने दाबून धरतो. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आसपास.

लेसचं एवढं काय? लेसवर पाय बसला तर चेंडू भलतीकडे जाऊ शकतो. लेस बाजूला राहिली तर हवेत चेंडू वळण्याची भीती. १९९४ च्या ‘एस व्हेंच्युरा’ या जिम कॅरीच्या सिनेमात तर किकर याच कारणावरून होल्डरचा सूड घ्यायला निघतो.

रोमो काउबॉइजचा मेन क्वार्टरबॅक होता, होल्डिंग हे त्याचं जोडकाम. आता बहुतेक टीम हे काम पंटरला देतात. कारण व्यवहारी आहे. क्वार्टरबॅकला प्रॅक्टिसमध्ये शंभर कामं असतात, तर पंटर, किकर आणि स्नॅपर दिवसभर एकत्रच असतात. ही लय एकत्र राहूनच बसते.

आणि मग किकर

स्नॅपपासून किकपर्यंत साधारण सव्वा ते १.३ सेकंद मिळतात. त्याहून उशीर झाला तर कडेने पळत येणारा डिफेंडर चेंडू अडवतो. त्यामुळे चेंडू टेकेपर्यंत किकर थांबूच शकत नाही. चेंडू होल्डरच्या हातात येतोय असं दिसलं की तो निघतो. तो जागेवर असेल हा निव्वळ विश्वास.

उजव्या पायाचा किकर डावीकडून तिरका येतो. डावा पाय चेंडूच्या बाजूला रोवतो. हा रोवलेला पाय थोडा जरी मागेपुढे पडला तरी दिशा बिघडते. मग कंबर वळते आणि पायाच्या वरचा हाडाचा भाग चेंडूच्या खालच्या अर्ध्यावर बसतो. चेंडू टोकावर टोक कोलांट्या खात वर जातो.

ही तिरकी पद्धत आपल्या ओळखीच्या फुटबॉलमधून, म्हणजे सॉकरमधून आली. आधी किकर सरळ धावत येऊन पायाच्या टोकाने मारायचे. १९६४ मध्ये हंगेरीत जन्मलेला पीट गोगोलाक बफेलो बिल्सकडून तिरका धावत आला आणि हळूहळू सरळ मारणारे संपलेच.

सरळ मारणाऱ्यांमधलं सगळ्यात भारी नाव टॉम डेम्प्सी. जन्मतःच उजव्या पायाला बोटं नसलेल्या डेम्प्सीने ८ नोव्हेंबर १९७० ला पुढून सपाट असलेल्या खास बुटाने ६३ यार्डांचा फील्ड गोल मारला. डेन्व्हरच्या विरळ हवेत मॅट प्रेटरने २०१३ मध्ये ६४ यार्ड मारेपर्यंत कोणीच त्याच्या पुढे गेलं नव्हतं. २०२१ मध्ये जस्टिन टकरने ६६ यार्ड मारले, तेही दांडीला आपटून उडालेल्या चेंडूवर. गंमत म्हणजे डेम्प्सी आणि टकर, दोघांच्याही समोर डेट्रॉइट लायन्सच होते आणि दोन्ही मॅचेसचा स्कोअर १९-१७. नोव्हेंबर २०२५ मध्ये जॅक्सनव्हिलच्या कॅम लिटलने ६८ यार्डांपर्यंत मजल मारली.

पण स्नॅप बरोबर, होल्ड बरोबर आणि तरी किक हुकली तर सगळं किकरच्या डोक्यावर. २७ जानेवारी १९९१, सुपर बोल. बफेलोचा स्कॉट नॉरवूड ४७ यार्डांवरून मारतो, चेंडू उजव्या खांबाच्या बाहेरून जातो आणि न्यूयॉर्क जायंट्स २०-१९ ने जिंकतात. ‘वाइड राइट’ हे दोन शब्द अमेरिकेत आजही त्याच्या नावाला चिकटलेले आहेत. बफेलोत परतल्यावर मात्र जमलेल्या हजारो फॅन्सनी त्याच्याच नावाचा गजर केला.

पुढच्याच सीझनला बिल्स डेन्व्हरला १०-७ ने हरवून पुन्हा सुपर बोलला पोहोचले. फरक ३ गुणांचा होता, आणि बिल्सच्या त्या दहापैकी ३ गुण नॉरवूडच्या ४४ यार्डांच्या किकचे होते.