बाळंतविडा : धार-देवासच्या घरांतील शिवणीचा इतिहास



पवारांचा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. बाजीराव पेशव्यांच्या काळातल्या माळव्याच्या स्वाऱ्या, धारची गादी, देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती, सरंजाम, सनदा, तहनामे हे सारे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या स्वाऱ्यांबरोबर पुणे-नगर भागातून शिलेदार आले, मानकरी आले, फडावरचे कारकून आले, भिक्षुक आले आणि इथलेच झाले. त्यांची नावे दप्तरांत आहेत. त्यांच्या पाठोपाठ ज्या लेकी-सुना नर्मदा ओलांडून आल्या, त्यांनी मागे काय ठेवले? त्यांचे दप्तर कापडाचे होते. आज त्या दप्तरातल्या एका छोट्या रुमालाविषयी, म्हणजे बाळंतविड्याविषयी बोलायचे योजले आहे.

बाळंतविडा म्हणजे बाळंतिणीला आणि बाळाला मायेच्या माणसांनी करून नेलेला आहेर. त्यात झबली आणि टोपडी असतात, दुपटी, लंगोट आणि लहानशी गोधडी असते, आणि या सर्वांवर मान असतो तो कुंचीचा. पाळण्यावर टांगायला कापडी चिमण्यांची किंवा राघूंची माळ असते. मूल जरा मोठे झाले की चिंध्यांची बाहुली आणि चिंध्यांचाच चेंडू. हे शब्दच पाहावेत. ‘दुपटे’ म्हणजे दोन पदरांचे, दुहेरी कापड. ‘अंगडे’ म्हणजे अंगात घालायचे. नावातच कृती सांगितलेली आहे. वस्तू घरात होत असली की तिचे नाव असे साधे राहते.

हे कपडे कसे होत, ते थोडे तपशिलाने पाहू. कारण त्या बेतण्यातच पुष्कळ शहाणपण आहे. तान्ह्या बाळाचे पहिले कपडे नव्या कापडाचे करायचे नाहीत, अशी चाल. आजी-पणजीचे नेसून मऊ झालेले सुती लुगडे त्यासाठी निघे. नव्या कापडाला खळ असते, सूत ताठ असते. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुताची खळ गेलेली असते, ते अंगाला टोचत नाही आणि ओल चटकन शोषून घेते. मोठ्या घरातल्या जाणत्या बाळाचे जुने कपडे मागून आणून आधी तेच घालायचे, हीसुद्धा रीत अनेक घरांत होती. श्रद्धा म्हणून सांगितली जाई, पण तिच्या मागे हातांना आलेला अनुभव होता.

हिशेब बघा. एक दुपटे साधारण वारभर लांब-रुंद. दुहेरी म्हणून दोन वार कापड लागते. नऊ वारी लुगड्यात चार दुपटी बसतात आणि वारभर उरते, त्यातून लंगोट आणि टोपडी. लुगडे बसण्याच्या जागी विरलेले असले तर दुपटे एखादे कमी होई आणि तो तुकडा गोधडीच्या पोटात जाई. वाया काहीच जायचे नाही. माप वितीचे आणि बोटांचे. फीत फार पुढे आली. झबल्याला गुंडी नाही, बंद. कारण गुंडी तान्ह्याला रुतते आणि निसटली तर तोंडात जाते. शिवणीची कड बाहेरच्या बाजूला ठेवायची, आत नाही. पाहणाऱ्याला ते उलटे घातलेले वाटेल, पण ती कड बाळाच्या कातडीला लागू नये एवढाच त्यातला हेतू.

कुंचीचे तंत्र याहून देखणे. एक आयताकृती तुकडा मधोमध दुमडून एका बाजूने शिवला की डोक्याची टोपी होते. तिच्या खालच्या कडेला दुसरा मोठा तुकडा चुण्या घालून जोडायचा. तो पाठीवरून पायांपर्यंत येतो. हनुवटीखाली बंद, टोकाला हवा तर गोंडा. गोलाई कुठेच कापावी लागत नाही. ओटीत आलेला खण हा कुंचीसाठी सर्वांत आवडता, कारण त्याचे काठ टोपीच्या कपाळपट्टीवर आणि खालच्या घेरावर आपोआप येतात, वेगळी किनार लावावी लागत नाही. गुळेदगुड्डचा खण कुणाच्या तरी ओटीत पडावा, तो नर्मदेपलीकडे यावा आणि देवासच्या किंवा धारच्या वाड्यात त्याची कुंची व्हावी. तिला आतून जुन्या धोतराचे अस्तर, आणि माळव्यातल्या पौष-माघाच्या थंडीसाठी दोहोंमध्ये पिंजलेल्या कापसाचा पातळ थर. असा तो प्रवास.

आता याच धारच्या किल्ल्यात झालेल्या एका बाळंतपणाकडे वळू. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाला. त्यांच्या मागे १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुढे नऊ महिने पुरे होण्याच्या आत, १० जानेवारी १७७५ रोजी, धारच्या किल्ल्यात आनंदीबाईंच्या पोटी दुसरे बाजीराव जन्मले. रघुनाथराव तेव्हा गुजरातेच्या वाटेवर होते आणि खंडेराव पवारांनी आनंदीबाईंना आसरा दिला होता. मराठी राज्याचे दोन दावेदार, दोन किल्ल्यांत, दोन पाळण्यांत. एकाच्या वाट्याला मानाची वस्त्रे आली, ती त्याला अंगावर वागवताही येत नव्हती. वस्त्रे देणे म्हणजे अधिकार देणे, ही दरबाराची भाषा. पण जानेवारीच्या थंडीत, वेढ्याच्या धास्तीत, तान्ह्याच्या अंगावर जे ऊबदार कापड लागते ते सनदेने येत नाही. ते कुणाला तरी रात्री बसून शिवावे लागते. बखरकार पहिल्या वस्त्रांची तिथी लिहितो. दुसऱ्या वस्त्रांवर राज्य जगते.

धारच्या इतिहासात हे आणखी एकदा दिसते. १८०७ मध्ये आनंदराव पवार वारले तेव्हा त्यांची राणी मैनाबाई गरोदर होती. जिवाच्या भीतीने ती मांडवगडावर गेली आणि तिथे तिला रामचंद्रराव हा मुलगा झाला. तो मुलगा लहानपणीच गेला. तेव्हा मैनाबाईंनी आपल्या बहिणीच्या मुलाला दत्तक घेतले, त्याचेही नाव रामचंद्ररावच ठेवले आणि शिंदे-होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीत राज्याचा उरलासुरला तुकडा १८१९ च्या इंग्रजांशी झालेल्या तहापर्यंत सांभाळून नेला. माल्कमने आपल्या माळव्यावरच्या ग्रंथात तिची गोष्ट सांगितली आहे. एका गेलेल्या बाळाचे नाव दुसऱ्या बाळाला देणे ही राजकारणाची गरज होती. आई म्हणून तिला काय वाटले असेल, हे ज्याने त्याने आपल्या घरातल्या ट्रंकेतल्या, कुणी न वापरलेल्या झबल्याकडे पाहून ओळखावे.

मैनाबाई विधवा होती, हे इथे मुद्दाम सांगतो. कारण बाळंतविड्याच्या इतिहासातला सर्वांत अवघड धागा तोच आहे. पूर्वीच्या आपल्या अनेक पांढरपेशा आणि मानकरी घरांत एखादी विधवा आत्या, मावशी किंवा चुलतआजी असे. घरातली बारीक शिवण तिच्याकडे. तिला वेळ होता असे म्हणत. खरे म्हणजे तिला दुसरे काही करू दिले जात नव्हते. कुंचीचा एकेक टाका तिचा. आणि बारशाच्या दिवशी, कुंची घालून बाळ पाळण्यात जाई तेव्हा, सवाष्णींच्या घोळक्यात तिला जागा नसे. तिने शिवलेले वस्त्र शुभ, ती मात्र नाही. आपण ज्याला घराण्याची परंपरा म्हणून अभिमानाने मिरवतो, ती पुष्कळ अंशी या बायकांच्या बोटांनी टिकवली आहे. त्यांची नावे बहुतेक वंशावळींत येत नाहीत, कारण त्यांच्या पुढे वंश नव्हता.

ही विद्या शिकवण्याची शाळा बाहुलीची होती. आठ वर्षांची मुलगी आधी चिंध्यांच्या बाहुलीला झबले शिवी, मग बाहुला-बाहुलीच्या लग्नासाठी पोशाख, आणि मग धाकट्या भावंडासाठी लंगोट. धावदोरा सरळ आला की उलटी टीप, मग काठ दुमडून हातशिलाई. पहिले बाळंतपण माहेरी. दक्षिणेतून आलेली सून माहेरी जाई आणि तिकडच्या बेताचे कपडे ल्यालेले मूल घेऊन परत येई. खंडवा-इंदूर लोहमार्ग १८७० च्या दशकात झाला तेव्हा ही ये-जा सोपी झाली. धारला मात्र महूपासून पुढे रस्त्यानेच जावे लागे. माळव्यात दोन शतके राहून आपली बोली बदलली, ताटात इथले पदार्थ आले, पण कुंचीचा बेत बदलला नाही, त्याचे कारण हे माहेर.

इथल्या शेजाराने मात्र आपल्याला परके ठेवले नाही. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आपल्याकडे आत्याचा. माळव्यात ‘भुआ’ झगल्या-टोपी घेऊन येते, तिलाही तोच मान. झबले आणि झगल्या शेजारी शेजारी वाळत पडली. आपला शिंपी नामदेवांना आपले मानतो, तसे इथले कितीतरी दर्जी आणि छीपा स्वतःला नामदेवच म्हणवतात. धार जिल्ह्यातल्या बागच्या छापील कापडातला लाल-काळा रंग, महेश्वरी साडीचा उरलेला काठ, इंदूरच्या गिरण्यांचे मांजरपाट हे सर्व आपल्या गोधड्यांत गेले. बेत दख्खनचा आणि कापड माळव्याचे, अशी ती जोडणी.

देवासची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने देवासला होते. तिथला गोकुळाष्टमीचा सोहळा त्यांनी पाहिला. त्याचे वर्णन त्यांच्या १९५३ मधल्या ‘द हिल ऑफ देवी’ या पत्रसंग्रहात आहे, आणि १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीचा शेवटचा भाग त्यावरच उभा आहे. त्या कादंबरीत जन्माच्या वेळी मूर्ती देवघरातच राहते आणि राजाच्या हातात बाळाच्या आकाराची घडी घातलेले नुसते एक वस्त्र दिले जाते. तो ते जोजवतो, त्याला नाव देतो आणि त्याचे डोळे वाहू लागतात. परक्या माणसाला हे नवल वाटले. आपल्याला वाटू नये. बाळकृष्णाला अंगडे-टोपडे शिवणाऱ्या घरांत घडी घातलेले दुपटे म्हणजे मूल, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

शिवणयंत्राने या सगळ्याचे रूप पालटले. सिंगर कंपनीची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आली. १९३० च्या दशकात कलकत्त्याहून उषा यंत्र निघाले. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या यंत्राला अपवाद मानले, कारण ते बायकोच्या कष्टांविषयीच्या प्रेमातून जन्मले असे ते समजत. पण यंत्राहून मोठा बदल दुसराच होता. महर्षी कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, रमाबाई रानड्यांचे पुण्याचे सेवासदन १९०९ चे. सेवासदनात शिवणाचे वर्ग निघाले आणि विधवेच्या हातातली जी कला घरात फुकट आणि मुकी होती, तिला मोल आले, शिक्षिका हे नाव आले. आत्याबाईंच्या सुईने पहिल्यांदा स्वतःसाठी चार पैसे मिळवले. १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघाले आणि अशा मासिकांतून नवे नमुने घरोघर गेले. फ्रॉक आला, लोकरीचे मोजे आले, बंदांच्या जागी गुंड्या आल्या. कुंची मात्र यंत्रावर शिवली गेली तरी तिचा बेत जुनाच राहिला.

१९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. दरबारचे पोशाख संग्रहात गेले. बाळंतविडा घरात राहिला, आणि म्हणूनच आज तो अधिक धोक्यात आहे. दुकानातून तयार संच येतो. स्वच्छ असतो, सोयीचा असतो, आणि नोकरी करणाऱ्या मुलीला त्याबद्दल बोल लावण्याचे काही कारण नाही. नव्या सुनेने रात्र जागून झबली शिवावीत असा माझा आग्रह मुळीच नाही. हे कपडे टिकण्यासाठी नव्हतेच. मळण्यासाठी, धुण्यासाठी आणि शेवटी पोतेऱ्यात जाण्यासाठी होते. या मंडळींत अजून असे हात आहेत, ज्यांना मापाची फीत न घेता कुंची बेतता येते. ते हात ऐंशीच्या पुढचे आहेत. माझा आग्रह त्यांच्यासाठी आहे.

तेव्हा दोनच गोष्टी सुचवतो. या दिवाळीच्या आवराआवरीत ट्रंकेतली कुंची निघाली की तिच्याबरोबर एक कागद ठेवावा : लुगडे कुणाचे, खण कुठून आला, शिवली कुणी, पहिल्यांदा कोणत्या बाळाच्या अंगावर गेली. शिवणारीचे नाव पूर्ण लिहावे. ‘आत्याबाई’ एवढ्यावर भागवू नये. आणि दुसरे, ज्या आजींना ती बेतता येते त्यांच्याकडून जुन्या वर्तमानपत्रावर तिचा बेत कापून घ्यावा, वितीचे आणि बोटांचे माप त्यांच्याच शब्दांत त्यावर लिहावे आणि तो कागद वंशावळीच्या बासनात ठेवावा. वंशावळीत ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांना निदान तिच्या शेजारी तरी मिळेल.