‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ : थायरॉईडच्या तक्रारींचा दीडशे वर्षांचा इतिहास

मलकापुरात इतिहासावर बोलायचं म्हटलं की श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. विशाळगड, पावनखिंड, आणि १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर गडावरून इथं आलेली जहागिरीची गादी. आज त्यातलं आम्ही काही सांगणार नाही. आजचा इतिहास गळ्यातल्या वीसेक ग्रॅम वजनाच्या एका ग्रंथीचा आहे. खरं म्हणजे तिच्याबद्दलची तक्रार कोणी ऐकली, कोणी नाही ऐकली, याचा आहे.

सुरुवात घरातूनच करतो. आमच्या काकू इथल्याच, आंब्याच्या वाटेवरच्या एका वाडीतल्या. किती वर्षं त्या एकच वाक्य म्हणायच्या, ‘अंगात जीवच न्हाई बघ.’ वैशाखातसुद्धा अंगावर स्वेटर. भांगलणीला गेल्या तर दोन सऱ्यांतच बांधावर येऊन बसायच्या. केस विरळ झाले, आवाज जड झाला, चेहरा फिकट पडला. एका दवाखान्यात टॉनिक मिळालं, दुसऱ्यात झोपेची गोळी. तिसऱ्या ठिकाणी थायरॉईडची तपासणी झाली. कागदावर आकडा मर्यादेच्या आत होता. डॉक्टर म्हणाले, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका.’ काकूंनी तो कागद घडी घालून देवघरात ठेवला आणि तक्रार करणं बंद केलं. घरच्यांनीही, म्हणजे आम्हीही, सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टरांना नावं ठेवण्याआधी हे कबूल केलेलं बरं.

आता प्रश्न असा की, आजार आहे याचा पुरावा म्हणून वैद्यक कशाकडे बघतं? थायरॉईडच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर दर काही दशकांनी बदललेलं दिसतं.

सगळ्यात जुना पुरावा म्हणजे गळा. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचं वर्णन आहे, गळ्याशी लोंबणाऱ्या गाठीचं. डोळ्यांना दिसणारा आजार तो. डोंगराळ, भरपूर पावसाच्या मुलखात मातीतलं आयोडीन धुऊन जातं आणि त्या मातीत पिकलेल्या अन्नातही ते कमी पडतं. लोकांना वाटतं, समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच. कोकणातून घाट चढून देशावर शतकानुशतकं मीठ आलं, बैलांच्या पाठीवरून आलं. पण साध्या समुद्री मिठात आयोडीन अगदी नगण्य असतं, ते वरून घालावं लागतं. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात हेच करून दाखवलं. मिठात आयोडीन घातलं आणि गलगंडाचं प्रमाण खाली आलं. त्यातून १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचं नाव बदललं, ‘गलगंडा’च्या जागी ‘आयोडीनच्या कमतरतेचे विकार’ असे शब्द आले. ही सुधारणा वाटते तेवढी किरकोळ नाही. गळा सुजला नसला तरी आजार असू शकतो, हे सरकारी कागदावर मान्य व्हायला तीस वर्षं लागली.

विलायतेत ही गोष्ट आधी लक्षात आली, आणि ती काही यंत्रानं कळली नाही. १८७३ साली लंडनमध्ये सर विल्यम गल यांनी एका वैद्यकीय सभेत निबंध वाचला. प्रौढ वयात काही बायका हळूहळू मंद होतात, चेहरा सुजल्यासारखा होतो, बोलणं जड होतं, असं त्यांनी नोंदवलं. रक्ततपासणी नव्हती, कारण ठाऊक नव्हतं. गल यांनी फक्त नीट पाहिलं, आणि दिसलं ते ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं नाही. पाच वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी या अवस्थेला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिलं. मग लंडनच्या क्लिनिकल सोसायटीनं समिती नेमली. तिचा अहवाल आला १८८८ साली. शंभराहून अधिक रुग्णांच्या हकिकती त्यात आहेत आणि त्यांत बहुसंख्य बायका आहेत.

याच काळातली स्वित्झर्लंडची गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. बर्नचे थिओडोर कोखर हे गलगंडाच्या शस्त्रक्रियेतले नामांकित सर्जन. हात इतका सफाईदार की जखम उत्तम भरायची, रुग्ण चालत घरी जायचा. म्हणजे आपल्या भाषेत ‘ऑपरेशन सक्सेसफुल’. पण ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती त्यातल्या एका मुलीबद्दल तिच्या गावच्या डॉक्टरांनी कळवलं की ती पार बदलली आहे, मंदावली आहे. कोखर यांनी काय केलं? जुन्या रुग्णांना परत बोलावलं आणि पुन्हा तपासलं. अनेकांची तीच गत झालेली दिसली. १८८३ साली त्यांनी हे स्वतःच्या हातून झालेलं नुकसान सर्जनांच्या सभेत जाहीर मांडलं. साध्या गलगंडासाठी ग्रंथी पूर्ण काढणं त्यांनी पुढे सोडून दिलं. १९०९ चं नोबेल त्यांना मिळालं ते थायरॉईडवरच्याच कामासाठी. पण त्या कामाचा एक धागा गावच्या डॉक्टरानं लिहिलेल्या तक्रारीपाशी जातो, हे विसरायचं नाही.

उपाय सापडला १८९१ मध्ये. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. ती सुधारली आणि त्यानंतर २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरे यांनीच पुढे दिला.

मग त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? कोल्हापूरकडेच बघू. १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन निघालेल्या आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, तेच हे रुग्णालय. आनंदीबाईंनी जाण्याआधी, १८८३ मध्ये, श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केलं होतं. हे श्रीरामपूर बंगालमधलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे. त्यांचा मुद्दा सरळ होता. इथल्या बायका पुरुष डॉक्टरसमोर दुखणं सांगत नाहीत, म्हणून बाई डॉक्टर हवी. स्वतःचं दहा दिवसांचं मूल गमावलेल्या बाईचं हे बोलणं होतं. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची बावीस वर्षं पूर्ण होण्याआधी, पुण्यात क्षयानं त्यांचा अंत झाला. पुढे शाहू महाराजांच्या काळात त्याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केलं.

आनंदीबाईंचा थायरॉईडशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध असा की लंडनमध्ये शंभर बायकांच्या हकिकती लिहून घेतल्या जात होत्या, तेव्हा आपल्याकडे बहुतेक बायकांची हकिकत दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचत नव्हती. दुखणं ऐकून घेण्याआधी ते सांगता यावं लागतं.

विसाव्या शतकात पुरावा पुन्हा बदलला, तो आकड्यात आला. १९१४ च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळं काढलं. पुढे रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातली अगदी सूक्ष्म संप्रेरकं मोजायची किरणोत्सर्गी पद्धत काढली. यालो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. मुंबईत परळला १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं, आज ते भाभा अणुसंशोधन केंद्राचा भाग आहे. थायरॉईडच्या रुग्णांसाठी ते मोठंच ठिकाण ठरलं. आज हीच टीएसएचची तपासणी तालुक्याच्या गावात होते.

टीएसएच म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या भाषेत सांगतो. थायरॉईड म्हणजे फडातला तोडकरी. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी म्हणजे मुकादम. तोडकरी ढिला पडला की मुकादम ओरडतो. टीएसएच म्हणजे ते ओरडणं. आकडा वाढला म्हणजे थायरॉईड कमी पडतंय. फार हुशार पद्धत आहे ही, आणि तिनं असंख्य लोक वाचवले. २०१३ साली आठ भारतीय शहरांतल्या पाहणीचे निष्कर्ष आले. पाच हजारांहून अधिक प्रौढांत सुमारे ११ टक्क्यांना थायरॉईडची कमतरता निघाली, त्यांत पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त. आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना आपल्याला हा आजार आहे हे ठाऊकच नव्हतं. तपासणी झाली म्हणूनच ते कळलं. आकड्याला दोष देऊन चालणार नाही. मात्र ती आठही शहरं होती, एवढंही लक्षात ठेवा.

पण मुकादमच आजारी पडला तर? मग तो ओरडणारच नाही. फडात काम ठप्प, आणि लांबून ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं शांत आहे, ठीक चाललंय. टीएसएच नॉर्मल येतो, कधी कमीही येतो, आणि शरीरात थायरॉक्सिन नसतं. १९३७ साली हॅरॉल्ड शीहान यांनी याचं एक कारण नीट मांडलं. बाळंतपणात फार रक्त गेलं तर पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिचा भाग मरतो. त्या बाईला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, थकवा आणि थंडी वर्षानुवर्षं राहते. आजही याचं निदान व्हायला कित्येकदा दहा-पंधरा वर्षं जातात.

काकूंचं तेच निघालं. धाकट्याच्या जन्मानंतर चौदा वर्षांनी एका तरुण डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारले. शेवटच्या बाळंतपणात रक्त किती गेलं? बाळाला अंगावरचं दूध मिळालं का? पाळी नंतर कधी आली? काकू आधी आमच्याकडं बघायला लागल्या. पुरुषमाणसांना बाहेर बसवल्यावर बोलल्या. आषाढातलं बाळंतपण, ओढ्याला पाणी, गाडी मिळेना, घरीच सोडवणूक झाली. चार लुगडी भिजली होती. दूध आलं नाही म्हणून सासूनं बोल लावले होते. पाळी गेली ती गेलीच, त्यांना वाटलं लवकर सुटका झाली. ही सगळी माहिती चौदा वर्षं त्यांच्याजवळच होती, कोणी मागितली नव्हती. मग टीएसएचबरोबर फ्री टी-फोर आणि कॉर्टिसॉल तपासलं. दोन्ही खाली. आधी स्टिरॉईडची गोळी सुरू झाली, नंतर थायरॉक्सिनची. हा क्रम महत्त्वाचा असतो, उलटा केला तर जिवावर बेतू शकतं.

यावरून कोणी असं समजू नये की थकवा आला म्हणजे थायरॉईडच, आणि आकडा काहीही असो, गोळी हवी. रक्त कमी असणं, बी-ट्वेल्व्हची कमतरता, मधुमेह, झोपेचा त्रास, नैराश्य, सगळ्यांचा थकवा सारखाच दिसतो. नको असताना घेतलेलं थायरॉक्सिन हृदयाला आणि हाडांना त्रास देतं. आमचं म्हणणं एवढंच की नॉर्मल रिपोर्टनं एक शक्यता मागे पडते, माणसाचं दुखणं मागे पडत नाही. मग ‘हे नाही तर काय आहे?’ हा पुढचा प्रश्न आला पाहिजे, आणि तो रुग्णानंही विचारला पाहिजे.

जाताना तक्रार तारखेनं लिहून न्या. ‘बरं वाटत नाही’ यापेक्षा ‘गेल्या दिवाळीपर्यंत पाण्याची घागर उचलत होते, आता कळशी उचलत नाही’ हे डॉक्टरला जास्त कळतं. जुने रिपोर्ट एकत्र ठेवा. बाळंतपण आणि पाळीबद्दल विचारलं नाही तरी सांगा. गोळी चालू असूनही त्रास असेल तर ती कशी घेता तेही सांगा. ती उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची असते. चहाआधी अर्धा ते एक तास जाऊ द्या, लोह आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी. डोस बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, आठ दिवसांनी नाही.

काकूंना गोळ्या आता आयुष्यभर आहेत. गेल्या पावसाळ्यात त्या रोपलावणीला गेल्या होत्या, अर्धा दिवस. देवघरातला तो नॉर्मलचा कागद मात्र अजून तिथंच आहे. आम्ही एकदा म्हटलं, काकू, फेकून द्या की. तर म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ दे. खोटा न्हवता तो, अर्धा हुता.’

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बायांनी आधी विचारावं, अशी विनंती आहे.