तळटीप : शांतिसेनेचे सामान

* औंधचा सराव : पुण्यातील औंधच्या लष्करी तळावर मार्च २०१९ आणि मार्च २०२३ मध्ये भारत व आफ्रिकी देशांच्या सैन्यांचा ‘आफिंडेक्स’ हा संयुक्त सराव झाला. विषय होता संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची कामगिरी. या शांतिसेनेत तुकडी पाठवणाऱ्या लहान देशांची अडचण समजण्यासाठी एक व्यवस्था माहीत हवी. संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःची फौज नाही. तुकडी पाठवणारा देश चिलखती गाड्या, जनरेटर, तंबू, पाणी शुद्ध करणारी यंत्रे सहसा स्वतःच नेतो. संयुक्त राष्ट्रे ठरलेल्या दराने त्यांचे भाडे देतात. देखभाल त्या देशानेच केली तर दर जास्त. मात्र तपासणीत ठरलेल्या प्रमाणात गाड्या चालू नसल्या तर भाडे कापले जाते. शिवाय खर्च आधी, पैसे मागाहून. गरीब देशाचे खरे हाल इथेच होतात. त्वरित तैनातीसाठी नाव दिलेल्या तुकडीला तर बोलावणे आल्यापासून ६० दिवसांत निघावे लागते. म्हणून अशा देशांना बंदुकांपेक्षा सुटे भाग आणि कुशल मेकॅनिक देणे ही मोठी मदत आहे, असे माझे ठाम मत आहे.

– संपादक, शुक्रवार पेठ, सोलापूर